कर्ण्यासमोरची चार मिनिटे आणि मैदानातला आवाज

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाने माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासंबंधीचा एक संग्रह आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यात १०४ चित्रफिती आहेत आणि चार ध्वनिमुद्रणे. चित्रफिती १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धापासून १९१९ मध्ये रूझवेल्ट यांचे निधन होईपर्यंतच्या काळातल्या आहेत. ध्वनिमुद्रणे मात्र सगळी १९१२ या एकाच वर्षातली, एडिसन यांच्या कंपनीने केलेली. वर्गणी नाही, नोंदणी नाही, मध्येच उगवणाऱ्या जाहिराती नाहीत. इतिहासाची आवड असलेल्या कोणालाही पुण्यात किंवा परभणीत बसून ही सामग्री पाहता-ऐकता येते, ही गोष्ट या सेवेच्या बाजूने आधीच नोंदवून ठेवली पाहिजे.

मात्र हे परीक्षण सगळ्या संग्रहाचे नाही. मी तो एका ठराविक हेतूने चाळला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत सुधारणावादी राजकारणाची जी लाट आली, त्या लाटेतले पुढारी गावोगावच्या मैदानांत, जत्रांत, तंबूंत आणि आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्ज्यातून भाषणे करीत फिरले. क्लीव्हलँडचे महापौर टॉम जॉन्सन तर सर्कशीसारखा तंबूच बरोबर घेऊन हिंडत. विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट विरोधकांच्या मतदारसंघात जाऊन तिथल्या आमदाराने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले याची यादीच लोकांना वाचून दाखवीत. या उघड्यावरच्या भाषणांचा अनुभव आज कुठे मिळतो का, हा माझा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला या संग्रहाचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. इथे रूझवेल्ट यांचा आवाज आहे, पण तो बंद खोलीतला. उघड्यावर बोलणारे रूझवेल्टही आहेत, पण ते मुके. संग्रह जितका मोलाचा आहे तितकाच तो या एका बाबतीत दुभंगलेला आहे, आणि तो कसा वापरायचा हे ठरवताना ही फट विसरून चालत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. रूझवेल्ट १९०१ ते १९०९ अध्यक्ष होते. पद सोडल्यावर ते आफ्रिकेत शिकारीला गेले, १९१० च्या जूनमध्ये परतले आणि पाहतात तो त्यांनीच पुढे आणलेले अध्यक्ष टाफ्ट यांनी पक्षातल्या जुन्या खोडांशी जुळवून घेतलेले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला कॅन्ससमधल्या ओसावाटोमी या लहानशा गावी त्यांनी जे भाषण केले, त्याला पुढे ‘नवा राष्ट्रवाद’ हे नाव पडले. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउन यांच्या स्मारक-उद्यानाचा तो समारंभ होता. व्यासपीठ म्हणून स्वयंपाकघरातले टेबल आणि समोर काही हजारांचा जमाव, असे त्याचे वर्णन केले जाते. मालमत्तेचा हक्क मानवी हितापुढे दुय्यम आहे, हे माजी अध्यक्षाने भर मैदानात टेबलावर उभे राहून सांगणे ही त्या काळी खळबळजनक गोष्ट होती.

दोन वर्षांनी ते टाफ्ट यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. ज्या राज्यांत मतदारांनीच पक्षाचा उमेदवार सुचवायचा अशी नवी पद्धत आली होती, त्यांतली बहुतेक त्यांनी जिंकली. तरीही जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात वादग्रस्त प्रतिनिधींच्या जागा टाफ्ट यांच्या पदरात पडल्या आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. ऑगस्टमध्ये त्याच शहरात रूझवेल्ट यांच्या अनुयायांनी प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. जाहीरनाम्यात स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीला बंदी, कामगारांना सात दिवसांतून एक सुटी, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांसाठी विमा अशी कलमे होती. समाजसेविका जेन ॲडम्स यांनी रूझवेल्ट यांच्या नावाला अनुमोदन दिले. त्यानंतरचे काही आठवडे म्हणजे जवळजवळ अखंड प्रवास आणि अखंड भाषणे. संग्रहातली चार ध्वनिमुद्रणे याच मोहिमेच्या काळातली आहेत.

आता त्या ध्वनिमुद्रणांकडे वळू. चारही मिळून एका बैठकीत ऐकून होतात, कारण एडिसन कंपनीच्या सिलिंडरवर, म्हणजे आवाज कोरलेल्या नळकांड्यावर, चार मिनिटांहून फारसे जास्त मावतच नसे. पहिले लोकांच्या राज्य करण्याच्या हक्काविषयी, दुसरे शेतकरी आणि व्यापारी यांच्याविषयी, तिसरे सामाजिक आणि औद्योगिक न्यायाविषयी, चौथे नव्या पक्षाने जनतेशी केलेल्या कराराविषयी. मुळात तास-दीड तास चाललेल्या भाषणांतले वेचक परिच्छेद घेऊन ही चार मिनिटांची भाषणे बेतलेली आहेत. उदाहरणार्थ, पहिल्याचा मजकूर मार्च १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केलेल्या भाषणावरून घेतलेला आहे.

पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांची निराशा होईल, हे स्पष्ट सांगतो. व्यंगचित्रांतले रूझवेल्ट म्हणजे दांडगा देह, चमकणारे दात, आवळलेली मूठ. त्यावरून आपण मनात एक घनगंभीर, डरकाळीसारखा आवाज धरून बसलेलो असतो. प्रत्यक्षात आवाज बारीक आहे, वरच्या पट्टीतला आहे, आणि जोर द्यायच्या शब्दावर तर तो आणखी वर जाऊन किंचित चिरकतो. उच्चार खानदानी पूर्व किनाऱ्याचे, शब्दांच्या शेवटचा ‘र’ बराचसा गिळणारे. ज्या माणसाला लोक गवताळ प्रदेशातला घोडेस्वार म्हणून डोक्यावर घेत होते, तो बोलतो मात्र हार्वर्डच्या वर्गातून नुकताच बाहेर पडल्यासारखा.

तरीही पहिल्याच मुद्रणाचा आरंभ नीट कान देऊन ऐकावा. ते म्हणतात की रिपब्लिकन पक्षापुढचा आणि आपल्या जनतेपुढचा मूलभूत प्रश्न थोडक्यात मांडता येतो. मग तो प्रश्न येतो: अमेरिकी जनता स्वतःचा कारभार चालवायला, स्वतःवर राज्य करायला, स्वतःवर ताबा ठेवायला लायक आहे का? एकच गोष्ट तीन क्रियापदांनी तीनदा सांगितली आहे, आणि कागदावर वाचताना ही पुनरुक्ती पाल्हाळच वाटते. ऐकताना तिचे प्रयोजन कळते. प्रत्येक क्रियापद ते सुटे करून, चावून, मधे श्वास घेऊन टाकतात. लगेच पुढची दोन वाक्ये येतात ती अगदी आखूड: ती लायक आहे असे मी मानतो, माझे विरोधक मानत नाहीत. लांब प्रश्न आणि त्यावर दोन तुकडे. ही रचना खोलीसाठी केलेली नाही. वारा सुटला आहे, मागे कुठेतरी घोडा खिंकाळतो आहे, पोर रडते आहे, अशा जागी पहिले क्रियापद हुकले तर दुसरे ऐकू यावे, दुसरे हुकले तर तिसरे, आणि शेवटचे दोन तुकडे तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला जसेच्या तसे सांगता यावेत, अशी ती बांधणी आहे. भाषण कर्ण्यासमोर झाले असले तरी त्याचा सांगाडा मैदानाचा आहे, आणि हे एवढे एक वाक्य ऐकण्यासाठीसुद्धा संग्रहाची वाट धरावी.

कर्ण्यासमोर म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे, नाहीतर दोष वक्त्याच्या माथी जातो. १९१२ मध्ये ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. विजेवर चालणारे मुद्रण १९२५ च्या सुमारास आले. वक्ता एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून बोले, आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर चर कोरीत जाई. चूक झाली तर खोडता येत नसे, सगळे पुन्हा पहिल्यापासून. फार मोठ्याने बोलले तर सुई उडे, फार हळू बोलले तर चर उमटतच नसे. म्हणजे वक्त्याला आवाज एकाच पातळीवर धरून ठेवावा लागे, हातवारे करायला जागा नाही, कर्ण्यापासून तोंड वळवायचे नाही, आणि समोर टाळी वाजवायला कोणी नाही. शिवाय या यंत्राला वरच्या कंपनसंख्येचे ध्वनी पकडताच येत नसत. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ बोथट होऊन खरखरीत विरून जातात. समकालीन लोक रूझवेल्ट यांच्या बोलण्यातल्या ज्या दातांचे एवढे वर्णन करीत, ते दात या मुद्रणांत ऐकू येत नाहीत ते याच कारणाने.

तिसरे मुद्रण, सामाजिक आणि औद्योगिक न्यायाविषयीचे, मला चौघांत सर्वांत सरस वाटले. कारखानदारीमुळे अनाथ झालेली मुले, जायबंदी मजूर, धंद्यातून जडणारे रोग, हंगामी मजुरी, बेभरवशाचे म्हातारपण, असे ओझे ते एकामागून एक मोजत जातात आणि मग त्याची सांगड धूप झालेल्या जमिनीशी, ओरबाडलेल्या डोंगरउतारांशी आणि पुराने बुडालेल्या नदीकाठांशी घालतात. हे सगळे राष्ट्राच्या इमारतीवर पडलेले ताण आहेत, असा त्यांचा मुद्दा. जंगले राखणे आणि मजूर राखणे हे एकाच हिशेबातले, ही त्यांच्या राजकारणाची खरी मेख आहे, आणि चार मिनिटांत ती इतकी नेमकी दुसरीकडे कुठे सापडणार नाही. उद्योग हे जगण्याचे आणि आरोग्याचे साधन झाले पाहिजे, मरणाचे नव्हे, आणि त्यासाठी त्याने सार्वजनिक नियमनाखाली आले पाहिजे, हे वाक्य ते बिलकूल आवाज न चढवता उच्चारतात. मैदानात ते असे उच्चारले गेले असेल यावर माझा विश्वास नाही.

चौथ्यात ‘अदृश्य सरकार’ येते. दिखाऊ सरकारच्या मागे जनतेला जबाबदार नसलेले एक अदृश्य सरकार सिंहासनावर बसलेले आहे, आणि भ्रष्ट धंदा व भ्रष्ट राजकारण यांची ही अभद्र युती मोडणे हे आजच्या मुत्सद्देगिरीचे पहिले काम आहे, असे ते सांगतात. ओळख पटावी इतके हे आजचे वाटते, त्यामुळे तरुण श्रोत्यांना बहुधा हेच सर्वांत आवडेल. दुसऱ्याबद्दल, म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्याबद्दलच्या मुद्रणाबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. मुद्दे रास्त आहेत, पण ते परिपत्रक वाचून दाखवावे तसे ऐकू येते.

यावरून मैदानातल्या भाषणाची कल्पना करायची तर उरलेले कोठून आणायचे? इथे चित्रफितींची पाळी येते. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेने जमेल तिथून त्यांच्या चित्रफिती गोळा केल्या, म्हणून तर त्या आज शिल्लक आहेत. त्यांत १९१२ च्या मोहिमेतली एक आहे, तिचे शीर्षकच ‘प्रोग्रेसिव्ह प्रचारात रूझवेल्ट यांचे भाषण ऐकणारा जमाव’ अशा अर्थाचे आहे. भाषणाच्या नावाने ठेवलेली फीत, पण तिचा खरा विषय श्रोते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. कारण त्या काळच्या सभेची लिखित वर्णने वक्त्यानेच भरलेली असतात आणि ऐकणारा माणूस त्यांत आकड्यापुरता उरतो. याखेरीज लाँग आयलंडवरच्या त्यांच्या सॅगमोर हिल या घरी, दाराशी जमलेल्या मंडळींपुढे ते बोलत आहेत, अशा काही फिती आहेत. त्या नंतरच्या वर्षांतल्या आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्यांत दिसणारा माणूस १९१२ पेक्षा थकलेला आहे, आणि त्या चित्रावर १९१२ चा आवाज मनातल्या मनात चिकटवणे हे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

या फितींत आवाज नाही, याबद्दल मी आधी हळहळलो. पण विचार करता असे वाटते की उघड्यावरच्या सभेतल्या बऱ्याच लोकांना मिळालेला अनुभव याच मुक्या फितीच्या जवळ जाणारा असणार. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. मोठ्या जमावापुढे विजेच्या कर्ण्याचे पहिले प्रयोग कॅलिफोर्नियात १९१५ च्या अखेरीस झाले, आणि १९१९ मध्ये सॅन डिएगोच्या मैदानावर अध्यक्ष विल्सन यांनी त्याचा उपयोग केला तेव्हाही ती नवलाईच होती. म्हणजे १९१२ मध्ये हजारोंच्या जमावात पुढच्या काही रांगांना शब्द ऐकू येत, मधल्यांना तुटक वाक्ये, आणि मागच्यांना फक्त देह दिसे: पुढे झुकलेले खांदे, तळहातावर आपटणारी मूठ, उडालेली टोपी, चकाकणारा चष्मा. मागच्या रांगेतला माणूस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भाषण वाची, आणि काल आपण काय पाहिले ते त्याला तेव्हा कळे. रूझवेल्ट यांचे हातवारे एवढे ठसठशीत का, व्यंगचित्रकारांना ते एवढे आयते का सापडले, याचे उत्तर या मागच्या रांगेत आहे. ते हातवारे स्वभाव म्हणून होतेच, पण कामाचेही होते.

म्हणून हा संग्रह असा वापरावा, अशी माझी शिफारस आहे: फिती पाहताना आपण मागच्या रांगेत आहोत असे समजावे, आणि सिलिंडर ऐकताना आपण सभेला गेलेलोच नाही, गावातल्या एखाद्या सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात फोनोग्राफभोवती बसलो आहोत असे समजावे. ही मुद्रणे त्याच गिऱ्हाइकासाठी होती. १९०८ मध्ये ब्रायन आणि टाफ्ट या दोन्ही उमेदवारांनी एडिसनसाठी अशी भाषणे दिली होती. १९१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार विल्सन आणि टाफ्ट यांनीही व्हिक्टर कंपनीच्या तबकड्यांसाठी आवाज दिला. उमेदवार घरात येऊन बोलतो, ही कल्पना रेडिओच्या आधीची आहे. पहिल्या रांगेची खुर्ची मात्र या संग्रहात नाही, आणि ती असणे शक्यही नव्हते.

पहिल्या रांगेत काय मोल द्यावे लागे, याची एक खूण इतिहासात आहे. १४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकीत हॉटेलातून सभेकडे निघताना, जमावाला अभिवादन करण्यासाठी रूझवेल्ट उघड्या मोटारीत उभे राहिले, आणि जॉन श्रँक नावाच्या माणसाने अगदी जवळून गोळी झाडली. गोळी चष्म्याची धातूची डबी आणि खिशात घडी घालून ठेवलेले पन्नास पानी भाषण यांतून पार होऊन छातीत अडकली. त्या पानांची जाडी हेच चिलखत ठरले. तशाच अवस्थेत सभागृहात जाऊन ते सुमारे दीड तास बोलले, आणि भोक पडलेली पाने त्यांनी लोकांना दाखवली. गोळी अखेरपर्यंत त्यांच्या शरीरातच राहिली. या भाषणाचा लघुलेखकाने टिपलेला मजकूर आहे, ध्वनिमुद्रण नाही. त्यांचा घसा तेव्हा आधीच बसलेला होता. गावोगाव उघड्यावर बोलून बोलून तो इतका फाटला होता की घशाचे डॉक्टर प्रवासात बरोबर ठेवावे लागले होते. सिलिंडरवरचा स्वच्छ, मोजूनमापून बोलणारा आवाज ऐकताना हा बसलेला घसा आठवावा. मोहिमेतल्या लोकांनी ऑक्टोबरमध्ये ऐकला तो आवाज दुसराच असणार.

एक गोष्ट मराठी श्रोत्यांसाठी म्हणून सांगतो, कारण ती संग्रहाच्या प्रास्ताविकाकडून अपेक्षिता येत नाही. लोकांच्या राज्य करण्याच्या हक्काविषयी इतके ठासून बोलणाऱ्या याच गृहस्थांनी १८ जानेवारी १९०९ ला, अध्यक्षपदाच्या शेवटच्या आठवड्यांत, वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभेत हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची मनसोक्त तारीफ केली होती. गेल्या दोन शतकांत गोऱ्या वंशाने केलेल्या सर्वांत प्रशंसनीय कामगिऱ्यांपैकी ती एक आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते, आणि रूझवेल्ट कर्ण्यासमोर उभे राहिले त्या १९१२ सालीही ते मंडालेच्या तुरुंगातच होते. ‘लायक आहे का’ हा प्रश्न त्या मुद्रणात ऐकताना ही तारीख डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या अधिवेशनात दक्षिणेतल्या काही राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना नव्या पक्षाने जागा नाकारली, हेही याच खात्यात मांडायला हवे. जनता म्हणजे नेमके कोण, हे त्यांनी चारही सिलिंडरांत कुठे सांगितलेले नाही. पुढच्याच वर्षी, १९१३ च्या जुलैमध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले ते याच वादांनी तापलेल्या अमेरिकेत. कोलंबियातल्या त्यांच्या वर्षांविषयी वाचणाऱ्याने ही चार मुद्रणे ऐकली तर त्या शहराची हवा थोडी तरी कळेल.

निवडणुकीत रूझवेल्ट हरले, हे सर्वज्ञात आहे: विल्सन ४३५, रूझवेल्ट ८८, टाफ्ट ८, अशी निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींची मते, पडली. तरीही सत्तेवरच्या अध्यक्षाला तिसऱ्या क्रमांकावर ढकलणारा हा तिसऱ्या पक्षाचा उमेदवार होता, आणि सुमारे २७ टक्के मतदारांनी त्याला मत दिले. सभा भरल्या म्हणून मते मिळतात असे नाही, हे आपल्याकडच्या शिवाजी पार्कच्या पुढाऱ्यांनाही पुष्कळदा कळलेले आहे.

वापराच्या दृष्टीने थोडे. मुद्रणांतली खरखर हेडफोनमध्ये असह्य होते. कानाशी सतत पाऊस पडत राहतो आणि आवाज त्याच्या पलीकडे जातो. साध्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐकले तर शब्द बरेच सुटे होतात, कारण जवळून टोचणारी खरखर हवेत थोडी पसरते. इंग्रजीची सवय असलेल्यालाही पहिल्या फेरीत निम्मे शब्द निसटतील, म्हणून भाषणाचा मजकूर आधी वाचून घ्यावा. भाषणे सार्वजनिक स्वरूपाची असल्याने मजकूर सहज मिळतो. फिती पाहताना हालचाली झटक्याझटक्याने होताना दिसल्या तर हसू नये. त्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या आहेत, आणि मूळ वेगाशी आजच्या पडद्याचा वेग नेहमीच जुळतो असे नाही. मूठ आपटण्याचा वेग त्यामुळे फसवा असतो. शोधताना रूझवेल्ट यांच्या नावाऐवजी वर्ष घातले तर प्रचाराची सामग्री लवकर हाती लागते, कारण संग्रहाचा मोठा भाग मिरवणुका, लष्करी पाहण्या आणि अंत्ययात्रा यांनी व्यापलेला आहे.

गुण द्यायचेच तर संग्रह म्हणून पाचपैकी साडेचार. उघड्यावरच्या भाषणाचा अनुभव देणारे साधन म्हणून तीन, आणि त्यातलेही दोन गुण मी मुक्या फितींना देईन, एक सिलिंडरांना. हा हिशेब अनेकांना उलटा वाटेल. पण सिलिंडरांत आवाजाखेरीज मैदानाचे काही नाही, आणि फितींत आवाज सोडून मैदानाचे बरेच काही आहे.

शाळा-कॉलेजांतल्या वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांना तयार करणाऱ्या शिक्षकांना मी हा संग्रह आवर्जून सुचवीन. आपल्याकडे या स्पर्धांत पहिल्या वाक्यापासून आवाज टिपेला नेऊन ठेवायची आणि हात हवेत फिरवत राहायची खोड मुरली आहे, आणि परीक्षकांच्या टेबलावर बसून ते सारे निमूट ऐकावे लागते. मुलांना आधी पहिले सिलिंडर ऐकवावे, त्यातला तो तीन क्रियापदांचा प्रश्न फळ्यावर लिहावा, मग हाताची घडी घालून तो वाचायला लावावा. त्यानंतर मैदानावर नेऊन, माईक न देता, शेवटच्या रांगेतल्या मुलाला कळेल असा तोच प्रश्न विचारायला सांगावे. कोणता हातवारा कामाचा आणि कोणता शोभेचा, हे त्यांना तिथे आपोआप कळेल. इंटरनेट नसलेल्या शाळेने मुद्रणे आधीच उतरवून घ्यावीत. तशी सोय संकेतस्थळावर आहे, आणि चारही मिळून एका तासिकेत सहज बसतात.